घसा, जंतू आणि नऊ दिवसांची मुदत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत झाली असेल की, हा कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा हा संपांचा नाहीतर करारांचा इतिहास सांगणार. तो इतिहासही सांगण्याजोगा आहे, आणि पुढेमागे सांगूही. परंतु आज मी निराळाच विषय घेतला आहे. लहान मुलाच्या दुखऱ्या घशाचा आणि त्या घशाच्या तपासणीचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे.

मी डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयात आणि एस्टीच्या प्रवासात. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोठून आला, असे कोणी विचारील तर माझे उत्तर साधे आहे. सोलापुरात विडी कामगार बायकांत आणि यंत्रमाग कामगारांत काम करताना ‘खाडा का पडला?’ हा प्रश्न रोजचा असतो. त्याला जी उत्तरे येतात, त्यांत ‘पोराला ताप आलाय, घसा धरलाय’ हे उत्तर फार वेळा येते. काही वर्षांपूर्वी अशीच एक विडी कामगार बाई कचेरीत येऊन मला म्हणाली, “भाऊ, पोरीच्या घशाला बोळा लावून तपासलं. काही निघालं नाही म्हणाले. आणि तरी परवा परत या, दुसरा रिपोर्ट येणार आहे, असं सांगतात. काही निघालं नाही तर परत कशाला बोलावतात? आणि निघणारच असेल तर आज का निघालं नाही? मला दोन खाडे परवडत नाहीत.”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. ‘आहे की नाही ते एकदाचे सांगा’ असे ती विचारीत होती. या प्रश्नाचे नीट उत्तर शोधावयास माणसाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली आहेत, आणि ते उत्तर अजूनही ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत मावत नाही. ते का मावत नाही, आणि मावत नसले तरी आईबापांनी घाबरून का जाऊ नये, हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम रोग कोणता ते पाहू. मुलांचे घसे दुखतात ते बहुतांशी विषाणूंमुळे. सर्दी, खोकला, बसलेला आवाज ही त्याची साथीदार मंडळी. चार दिवस हळद घातलेले दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि विश्रांती एवढ्यावर ते बरे होतात. त्यांच्यावर पेनिसिलिनचा काडीइतकाही परिणाम होत नाही. परंतु घसा दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलांच्या घशात एक निराळा जंतू सापडतो. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस. हा जंतू असला की ताप एकाएकी चढतो, गिळताना प्राण कंठाशी येतात, टॉन्सिलवर पांढरट डाग दिसतात, जबड्याखाली मानेला दुखऱ्या गाठी येतात; खोकला मात्र बहुधा नसतो.

गंमत अशी की, हा घसासुद्धा औषधावाचून बहुतेक वेळा आठवड्याभरात बरा होतो. मग एवढा बाऊ कशासाठी? तर घसा बरा झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, थोड्या मुलांना पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. शरीर जंतूशी लढण्यासाठी जी शस्त्रे तयार करते, ती चुकून आपल्याच सांध्यांवर आणि आपल्याच हृदयावर चालतात, असा हा प्रकार आहे. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपांना मात्र कायमची इजा होऊ शकते. हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असे जुन्या डॉक्टरांत म्हणत, ते अक्षरशः खरे आहे. दहाव्या वर्षी दुखलेला घसा मुलगी विसरून जाते, आणि विसाव्या-बाविसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, तिला जिना चढताना धाप लागते, तेव्हा झडप आवळली गेल्याचे कळते. म्हणून या रोगात घशाची भीती नसून हृदयाची भीती आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा सारा इतिहास समजतो.

या जंतूला नाव मिळाले ते व्हिएन्नात. थिओडोर बिलरोथ नावाच्या प्रख्यात शस्त्रवैद्याने १८७४ साली चिघळलेल्या जखमांत आणि धावऱ्याच्या रोगात सूक्ष्मदर्शकाखाली माळेसारखे ओवलेले बारीक गोल मणी पाहिले. ग्रीक भाषेतील साखळीवाचक आणि दाणावाचक शब्द जोडून त्याने स्ट्रेप्टोकॉकस हे नाव केले. पाचच वर्षांनी, १८७९ साली, पॅरिसच्या वैद्यक परिषदेत बाळंतज्वराच्या कारणांविषयी चर्चा चालू असता लुई पाश्चर उठला आणि त्याने फळ्यावर या साखळीचे चित्र काढून दाखविले. ज्या रोगाने इस्पितळांतून हजारो बाळंतिणी मेल्या, तो रोग डॉक्टरांच्याच हातांवरून एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जात होता. हात धुवा, असे सेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ सालीच सांगितले होते. पण त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे १८८४ साली रोझेनबाखने या जंतूच्या नावापुढे ‘पू करणारा’ या अर्थाचे विशेषण जोडले आणि नाव पुरे झाले.

परंतु जंतूला नाव मिळाले म्हणून रोग ओळखता आला असे नव्हे. त्या काळी घशाचा खरा यमदूत म्हणजे घटसर्प. घशात करडा पापुद्रा धरून मुले गुदमरून मरत. १८८४ साली जर्मनीत फ्रीड्रिख लोफ्लर याने घटसर्पाचा जंतू वेगळा करून वाढविला, आणि त्याच वेळी दोन अडचणीच्या गोष्टी प्रामाणिकपणे नमूद केल्या. घटसर्प वाटणाऱ्या काही मुलांच्या घशात तो जंतू सापडला नाही. आणि एका धडधाकट मुलाच्या घशात मात्र तो सापडला! पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज येथे आहे. रोग दिसतो पण जंतू नाही. जंतू दिसतो पण रोग नाही. लोफ्लरने ही गोष्ट दडपली असती तर त्याचा शोध अधिक झळाळला असता. परंतु ती त्याने दडपली नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता न्यूयॉर्क शहरात चलू. १८९२ साली कॉलऱ्याच्या भीतीने तेथील नगरपालिकेने हर्मन बिग्ज या डॉक्टरच्या हाताखाली जंतूंची प्रयोगशाळा उघडली. पुढच्या वर्षी विल्यम पार्क या तरुण डॉक्टरने घटसर्पाच्या तपासणीची एक व्यवस्था बसविली. शहरातल्या औषधांच्या दुकानांत नळ्या आणि कापसाचे बोळे ठेवलेले असत. डॉक्टरने ते न्यावेत, मुलाच्या घशाला बोळा लावून नळीत घालावा आणि दुकानात परत द्यावा. संध्याकाळी पालिकेचा माणूस येऊन त्या गोळा करी, रात्रभर त्या उबेत ठेवल्या जात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर डॉक्टरकडे पोचे. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलाला एकच व्यवस्था. आणि निघाले काय? घटसर्प म्हणून ज्या मुलांना घरच्यांपासून तोडून ठेवले होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना घटसर्प नव्हताच! त्यांच्या घशात होती ती पुष्कळदा आपली साखळी. नुसत्या डोळ्यांनी घसा पाहून जे सांगितले जाई, ते फार वेळा चुकत होते, हे त्या नळ्यांनी दाखवून दिले. १८९३ सालच्या नगरपालिकेने हे केले, एवढे आपण लक्षात ठेवू. शेवटी मला त्याकडे परत यावयाचे आहे.

पुढची पायरी रक्ताच्या बशीची. समुद्री शेवाळापासून अगर नावाचा खळीसारखा पदार्थ करतात. त्यात प्राण्याचे रक्त मिसळून काचेच्या बशीत ओतले आणि त्यावर घशाचा बोळा फिरविला, की दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती उगवतात. १९०३ साली हुगो शोटम्युलर या जर्मन डॉक्टरला असे दिसले की, काही साखळ्यांभोवती रक्त विरून स्वच्छ कडे पडते आणि काहींभोवती पडत नाही. निरुपद्रवी साखळ्या प्रत्येकाच्या तोंडात असतात. कडे पाडणाऱ्या तेवढ्या उपद्रवी. पण तेही पुरेसे नव्हते, कारण कडे पाडणाऱ्या साखळ्या गाईच्या सडातही सापडत. हा गुंता सोडविला एका बाईने. रेबेका लान्सफील्ड हे तिचे नाव. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ती १९१८ पासून काम करीत होती. जंतूच्या अंगावरील कवचात जी विशिष्ट साखर असते तिच्यावरून तिने १९३३ साली या जंतूंचे गट पाडले. माणसाचा घसा धरणारा आणि पुढे हृदयाला बाधणारा तो ‘अ’ गट. लान्सफील्डबाई ८६ वर्षे जगल्या आणि जवळजवळ शेवटपर्यंत प्रयोगशाळेत येत राहिल्या. त्यांनी शोधलेली ती साखर पुन्हा आपल्या कथेत येणार आहे.

घसा आणि हृदय यांचा संबंधही याच सुमारास पक्का झाला. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये अॅल्व्हिन कोबर्न आणि लंडनमध्ये कॉलिस या दोघा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दाखविले की, संधिवाताच्या तापाच्या आधी काही आठवडे या साखळीचा घसा येऊन गेलेला असतो. पुढल्याच वर्षी टॉड या इंग्रज शास्त्रज्ञाने रक्ताची एक तपासणी काढली. आपल्याकडे जिला ‘ए. एस. ओ.’ म्हणतात तीच ही. जंतूच्या विषाविरुद्ध शरीराने जी शस्त्रे तयार केली, त्यांचे ती मोजमाप करते.

येथे क्षणभर थांबून सांगितले पाहिजे, कारण या तपासणीने आपल्याकडे अनेक घरांना विनाकारण घोर लावला आहे. ए. एस. ओ. वाढलेले म्हणजे मुलाला केव्हातरी मागे हा जंतू भेटून गेला, एवढाच अर्थ. आज घशात जंतू आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि हृदयाला रोग लागला असा तर मुळीच नाही. दाटीच्या वस्तीतल्या धडधाकट मुलांतही ते वाढलेले सापडते. गुडघा दुखतो म्हणून रक्त तपासले, आकडा चढा निघाला, आणि एवढ्यावरच मुलाला वर्षानुवर्षे इंजेक्शने चालू झाली, असे प्रकार मी वस्तीत पाहिले आहेत. बोस्टनच्या डकेट जोन्स या डॉक्टरने १९४४ सालीच हे ओळखले होते. कोणतीही एक तपासणी संधिवाताचा ताप सिद्ध करू शकत नाही. लक्षणे आणि पुरावे यांची मोठी आणि लहान अशी प्रतवारी करून, त्यांची बेरीज करूनच निकाल द्यावयास हवा, असे त्याने ठरवून दिले. ती पद्धत सुधारणा होत होत आजही चालू आहे.

औषधाचा इतिहास आपणांस ठाऊक असेल, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ट डोमाक याने प्रॉन्टोसिल हे सल्फा जातीचे पहिले औषध जाहीर केले. स्वतःच्या मुलीच्या हाताला सुईची जखम होऊन याच साखळीचे विष भिनू लागले, तेव्हा त्याने तेच औषध तिला देऊन तिचा हात वाचविला. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा, धाकटा फ्रँकलिन रूझवेल्ट, घशाच्या याच रोगातून याच औषधाने बरा झाला आणि वर्तमानपत्रांनी सल्फाचे नाव घरोघर नेले. पण उत्साहाच्या भरात एक गोष्ट घडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराने रोग होऊ नये म्हणून हजारो धडधाकट नौसैनिकांना सरसकट सल्फा देण्यास प्रारंभ केला. थोड्याच काळात सल्फाला दाद न देणाऱ्या साखळ्या पसरल्या. सर्वांना औषध देऊन टाकू म्हणजे तपासणीची कटकटच नको, हा विचार दिसतो सोपा. पण त्याची किंमत अशी मोजावी लागते. शिवाय असे आढळले की, सल्फाने एकदा धरलेल्या घशातला जंतू समूळ जात नाही, आणि म्हणून हृदयही वाचत नाही. ते काम पेनिसिलिनने केले.

आणि आता मी माझ्या कथेच्या गाभ्याशी येतो. अमेरिकेच्या वायोमिंग प्रांतात शायेन गावाजवळ फोर्ट वॉरन नावाचा हवाई दलाचा तळ आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली तरुण पोरे तेथे बराकींतून दाटीने राहत, आणि त्या थंड प्रदेशातल्या छावण्यांत हा घसा व हा ताप फार. चार्ल्स रॅमेलकॅम्प या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तेथे १९४९ साली या रोगासाठी खास प्रयोगशाळा निघाली. त्यांनी काय केले? घसा धरलेल्या सैनिकांची त्यांच्या लष्करी क्रमांकावरून दोन गटांत वाटणी केली. एका गटाला पेनिसिलिन दिले, दुसऱ्याला दिले नाही. १९५० साली निकाल छापला तो असा : औषध मिळालेले ७९८, त्यांपैकी संधिवाताचा ताप आला २ जणांना. औषध न मिळालेले ८०४, त्यांपैकी ताप आला १७ जणांना.

सभ्य गृहस्थहो, ही नुसती आकडेवारी म्हणून वाचू नका. पेनिसिलिनने हृदय वाचते की नाही, हे त्या दिवसापर्यंत कोणालाच निश्चित माहीत नव्हते, हे खरे. पण ते सतराजण कोणाची तरी मुले होती. आज जगातल्या कोणत्याही दवाखान्यात मुलाच्या घशासाठी पेनिसिलिन लिहून दिले जाते, त्या चिठ्ठीमागे त्या सतराजणांच्या दुखण्याची साक्ष आहे. ज्ञान फुकट मिळत नाही. आणि बहुधा साध्या शिपायाला, साध्या मजुराला त्याचे मोल द्यावे लागते. निदान मिळालेले ज्ञान तरी त्याच्याच घरापर्यंत पोचावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

याच तळावर दुसरा एक प्रश्न विचारला गेला. औषध लगेच न देता उशिरा दिले तर? १९५४ साली त्याचे उत्तर मिळाले. घसा दुखावयास लागल्यापासून नवव्या दिवशी जरी पेनिसिलिन सुरू केले, तरी संधिवाताचा ताप टळतो. नऊ दिवस! विचार करा, केवढी ही मुदत! रक्ताच्या बशीत जंतू उगवावयास एक ते दोन दिवस लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी शंका आली, दुसऱ्या दिवशी बोळा घेतला, चौथ्या दिवशी उत्तर आले, तरी अजून पाच दिवस हातात आहेत. त्या बाईला परवा परत बोलावणारा डॉक्टर टाळाटाळ करीत नव्हता. तो या मुदतीच्या भरवशावर थांबत होता.

तथापि त्याने पहिल्या दिवशी केलेली झटपट तपासणी कोणती, आणि तिचे ‘नाही’ त्याने पक्के का मानले नाही? १९८० नंतर अशा तपासण्या निघाल्या. बोळा रसायनात बुडवितात. त्यात जंतूच्या कवचातली साखर सुटते. तीच, लान्सफील्डबाईंनी शोधलेली साखर! पट्टीवर ती असली की रेघ उमटते. पाच-दहा मिनिटांचे काम. आता तिचा हिशेब पाहू. ही पट्टी जंतू असलेल्या शंभर घशांपैकी सुमारे ८५ पकडते, आणि जंतू नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. समजा, एका पावसाळ्यात दवाखान्यात घसा दुखणारी १०० मुले आली, आणि त्यांतल्या ३० जणांना खरोखर हा जंतू आहे. पट्टी त्यांतले २५-२६ पकडील. चार-पाच मुले ‘काही नाही’ म्हणून घरी जातील. उरलेल्या ७० पैकी तीन-चारजणांना ती उगाच ‘आहे’ म्हणेल. म्हणजे पट्टी ‘आहे’ म्हणाली तर बहुधा विश्वास ठेवावा. ‘नाही’ म्हणाली आणि लक्षणे मात्र बोलकी असली, तर मुलांच्या बाबतीत बशीचा निकाल येईपर्यंत थांबावे. त्या बाईला मी हेच माझ्या भाषेत सांगितले : पट्टी म्हणजे दारावरचा पहारेकरी, बशी म्हणजे हजेरीपत्रक. पहारेकऱ्याला कोणी दिसले नाही म्हणून कोणी आत आलेच नाही असे होत नाही. हजेरीपत्रक पाहावे लागते.

पण हजेरीपत्रकातही एक खोच आहे, आणि ती लोफ्लरला १८८४ सालीच टोचली होती. काहीही दुखत नसलेल्या शंभर शाळकरी मुलांचे घसे तपासले तर दहा-बारा जणांच्या घशात हा जंतू नुसताच बसलेला सापडतो. त्यांना वाहक म्हणतात. अशा मुलाला साधी सर्दी होऊन घसा दुखला, तर पट्टीही ‘आहे’ म्हणते आणि बशीही ‘आहे’ म्हणते. परंतु दुखणे सर्दीचेच असते. म्हणूनच तपासणीपूर्वी मूल पाहावे लागते. १९८१ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट सेंटर या डॉक्टरने चार खुणांचे साधे माप दिले : ताप, टॉन्सिलवर डाग, मानेला पुढच्या बाजूस दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणे. १९९८ साली टोरोंटोच्या मॅकआयझॅकने त्यात वयाची भर घातली, कारण हा रोग पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा. नाक वाहत आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, अशा मुलाच्या घशाला बोळा लावूच नये. लावला तर उत्तराने घोटाळाच वाढेल.

यावरून आईबापांनी घ्यावयाचे ते थोडके आहे. मूल थुंकीही गिळू शकत नाही, श्वासाला घरघर आहे, किंवा घशात करडा पापुद्रा दिसतो, तर मुदत-बिदत काही नाही. तडक इस्पितळ गाठावे. एरवी घाबरू नये. शेजारणीकडे उरलेल्या अर्ध्या पट्टीतल्या गोळ्या मुलाला देऊ नयेत. त्यांनी रोग जात नाही, पण बशीत जंतू उगवेनासा होतो, आणि साक्षीदारच पळून जातो. तपासणी व्हावयाची ती औषधाआधी. आणि डॉक्टरने दहा दिवसांचे औषध दिले, तर तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले म्हणून ते बंद करू नये. ते दहा दिवस घशासाठी नसून हृदयासाठी आहेत. एक दिलासा असा की, सत्तर-ऐंशी वर्षे वापरूनही हा जंतू पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही. ते स्वस्त औषध आजही रामबाण आहे. आपल्या देशात ते बनविण्याचा सार्वजनिक कारखाना १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरीला उभा राहिला, आणि पिंपरीच्या कामगारांनी गाळलेल्या घामाचा हा भाग आपण अभिमानाने सांगावा असा आहे.

मग प्रश्न सुटला म्हणावयाचे काय? तसे नाही. फोर्ट वॉरनच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट मोजली होती. बराकीत दोन खाटांमध्ये अंतर जितके कमी, तितका घसा एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा संभव अधिक. इंग्लंड-डेन्मार्कसारख्या देशांत संधिवाताचा ताप सल्फा आणि पेनिसिलिन येण्यापूर्वीच उतरणीला लागला होता. घरे सुधारली, एका खोलीतली माणसे कमी झाली, हे त्याचे मोठे कारण मानले जाते. आपल्याकडे गिरणगावच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहिली, आणि आजही विडी वळणारी बाई ज्या खोलीत सूप घेऊन बसते, त्याच खोलीत तिची चार मुले एका सतरंजीवर झोपतात. त्यांच्या खाटांमधील अंतर कोण मोजणार? खाटाच नाहीत! २०१८ साली जिनीव्हाच्या जागतिक आरोग्य सभेने या हृदयरोगाविरुद्ध ठराव केला. तो करावा लागला यातच आले की, श्रीमंत देशांनी विसरलेला हा रोग गरिबांच्या वस्तीत अजून ठाण मांडून आहे.

आणि म्हणून मी त्या बाईच्या शेवटच्या वाक्याकडे वळतो : ‘मला दोन खाडे परवडत नाहीत.’ विज्ञानाने तिला नऊ दिवसांची मुदत दिली. मजुरीच्या पद्धतीने दुसरा दिवससुद्धा दिला नाही. हजार विड्यांमागे जिला पैसे मिळतात, तिचा दवाखान्यातला दिवस म्हणजे चुलीचा दिवस. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली राज्य विमा योजना आहे. तिच्यात कामगाराच्या स्वतःच्या आजाराला रोख भत्ता मिळतो आणि कुटुंबाला औषधपाणी मिळते. पण आजारी मुलाजवळ बसण्यासाठी बुडालेला रोज तीत भरून मिळत नाही. मग बाई काय करते? डॉक्टरला म्हणते, ‘आजच काय ते द्या.’ डॉक्टरही गर्दीत असतो, तोही देऊन टाकतो. नको त्याला औषध जाते. आणि हवे त्याला ‘नाही’ ऐकून घरी धाडले जाते, ते परत येत नाही. तपासणीत राहून गेलेली ती चार-पाच मुले बशीने पकडता आली असती. ती सुटतात ती खाड्यामुळे.

याला उपाय फार मोठे नाहीत. १८९३ च्या न्यूयॉर्क नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल पोचविण्याची सोय केली होती. आज आपल्या प्रत्येक कामगार बाईच्या कमरेला मोबाइल आहे. बशीचा निकाल तिला फोनवर कळविता येणार नाही काय? पालिकेच्या दवाखान्यात बोळा घेण्याची आणि बशीची सोय असू नये काय? आणि मुलाच्या आजारासाठी वर्षातून काही भरपगारी दिवस मिळावेत, ही मागणी आपल्या करारांच्या मसुद्यात बोनसच्या जोडीला बसू नये काय? आमच्या चळवळीने कामाचे तास मोजले, यंत्रांचे वेग मोजले. आता आजारी मुलाजवळ बसण्याचे तासही मोजावेत, असे मला वाटते.

बिलरोथने साखळी पाहिली, लोफ्लरने आपल्याच शोधातील उणीव सांगितली, लान्सफील्डबाईंनी गट पाडले, फोर्ट वॉरनच्या पोरांनी आपल्या हृदयांवर साक्ष दिली. एवढ्या सर्वांच्या श्रमाने मिळालेली शिकवण एकच आहे : खात्री नसेल तेव्हा घाई करू नये, आणि विसरूनही जाऊ नये, मुलाकडे लक्ष ठेवावे, थांबावे, आणि मुदतीत परत यावे. नऊ दिवसांची ती मुदत निसर्गाने सर्वांना सारखीच दिली आहे. ती वापरण्याची सवड मात्र समाजाने द्यावयाची असते, आणि ती आपण सर्वांना सारखी देत नाही. तेवढे काम आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे.